‘बसत नाही’ आणि ‘बसवत नाही’

चौतीस वर्षे, म्हणजे १९७३ पासून २००७ पर्यंत, मी बडोद्याच्या एका मराठी शाळेत व्याकरण शिकवले. शक्य क्रियापदाचा धडा आला की माझे उदाहरण ठरलेले असे. ‘आजी जिना चढत नाही’ आणि ‘आजीला जिना चढवत नाही’ ही दोन वाक्ये मी फळ्यावर एकाखाली एक लिहीत असे आणि विचारीत असे, दोहोंत फरक काय? कोणीतरी चुणचुणीत मुलगा उठून सांगे की पहिल्या वाक्यात आजीची इच्छा नाही, दुसऱ्यात तिची शक्ती नाही. मी खूष होई. तास संपला की शिक्षकांच्या खोलीत जाऊन प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा पुढे ओढी आणि शेरे लिहू लागे. ‘एका जागी बसत नाही. लक्ष देत नाही. मनात आणले तर करू शकेल.’ दहा मिनिटांपूर्वी मुलांना शिकवलेला धडा मला स्वतःला मात्र समजलेला नव्हता. हे कळायला मला वयाची पंच्याहत्तरी ओलांडावी लागली.

कळले ते नातवामुळे. नातू नऊ वर्षांचा आहे. बुद्धीने तल्लख, बोलण्यात गोड. पण पायाला भिंगरी लागलेली. जेवताना दोन घास खाऊन उठणार, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणार, पाण्याची बाटली महिन्यातून तीनदा हरवणार. गेल्या पावसाळ्यात वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. सूनबाई म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, “मुलगाच आहे, चालायचेच. आपल्या घराण्यात असले काही नाही.” ती वाद घालीत बसली नाही. तिने दिवस ठरवला आणि मला म्हणाली, “नाना, तुम्हीही चला.”

बालमानसतज्ज्ञ बाईंनी तासभर तरी बारीकसारीक विचारले. मूल पोटात असतानाची प्रकृती, जन्माचे वजन, झोप, कान, डोळे, शाळेतले वागणे, घरातले वागणे. मग त्यांनी सहज विचारले, “घरात आणखी कोणी लहानपणी असे होते का?” मी ‘नाही’ म्हणण्यासाठी तोंड उघडले, तोच शेजारी बसलेला माझा मुलगा म्हणाला, “मी होतो. नानांना विचारा.”

त्याच्या स्वरात राग नव्हता, हेच मला अधिक लागले.

तो चौथीत असताना मी त्याला एकदा ‘मी एका जागी बसेन’ हे वाक्य शंभर वेळा लिहायला बसवले होते. तासाभराने वही पाहिली. गड्याने आधी एका रकान्यात खाली खाली ‘मी’ लिहीत नेला होता, मग दुसऱ्या रकान्यात ‘एका’ घेतला होता, आणि तो त्र्याहत्तरवर सोडून गच्चीवर पळाला होता. मी त्या दिवशी छडी वापरली. आज तो पंचेचाळिशीचा आहे, पाच नोकऱ्या बदलून झाल्या आहेत, आणि इतक्या वर्षांत त्याने माझ्यापाशी त्या दिवसाची आठवण कधी काढली नव्हती. डॉक्टरांच्या खोलीतही त्याने ती काढली नाही. मलाच ती आठवली.

ह्या विकाराला मराठीत ‘अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता’ म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘एडीएचडी’ ही अद्याक्षरे वापरतात. नाव नवे असले तरी मूल नवे नाही. ‘आमच्या वेळी हे असले काही नव्हते’ असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांसाठी थोडा इतिहास सांगतो. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली आपल्या ग्रंथात मन एका गोष्टीवर न टिकण्याच्या जन्मजात दोषाचे वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमन ह्या डॉक्टरने आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे एक पुस्तक केले; त्यात जेवणाच्या टेबलाशी चुळबुळ करीत अखेर टेबलावरचे कापड ताटवाट्यांसकट ओढून पडणारा एक फिलिप आहे. ते चित्र पाहून मला आमचे जेवणघर आठवते.

पण माझ्या मनात घर करून बसली ती १९०२ ची हकीकत. त्या वर्षी जॉर्ज स्टिल ह्या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. मुले बुद्धीने ठीक, पण आवर नाही, थांबणे नाही. स्टिलने ह्याला नाव दिले ‘नैतिक नियंत्रणातील दोष’. म्हणजे डॉक्टरनेही आधी नीतीचाच शब्द उचलला. मग आम्हा मास्तरांचे काय? हा विषय नेमका त्या काळी वर यावा ह्यात मला नवल वाटत नाही. इंग्लंडात १८८० च्या कायद्याने मुलांना शाळेत जाणे सक्तीचे झाले होते. शेतात, दुकानात, घोड्यामागे धावणारी मुले प्रथमच तासन्‌तास बाकावर बसली, तेव्हा ज्यांना बसवत नव्हते ती उठून दिसू लागली.

आपल्याकडेही तेच झाले असले पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होई. ह्या गोष्टीचा आपणा बडोदेकरांना अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. पण कायद्याने मूल बाकापर्यंत आणले. ज्याला बाकावर बसवत नाही त्याचे काय करायचे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. आज बरेच ठाऊक आहे. न वापरले तर दोष आपला.

काय ठाऊक आहे ते थोडक्यात सांगतो. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शाळकरी मुलांत शंभरी पाचाच्या आसपास हे प्रमाण निघते. पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन. मी दरवर्षी नव्या पन्नास मुलांना शिकवले असे धरले तरी चौतीस वर्षांत अशी ऐंशी-पंच्याऐंशी मुले माझ्या हाताखालून गेली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असे दिसते की मुलामुलांत ह्या बाबतीत जो फरक असतो त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग अनुवंशाचा. घारे डोळे जसे घराण्यातून येतात, तसेच हेही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की अशा मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ त्याच क्रमाने होते, पण सरासरीने तीनेक वर्षे मागून. आणि हे मागेपण अधिक ठळक दिसते ते कपाळामागच्या भागात, जिथून अवधान आणि आवर चालतो. गोड खाल्ल्याने हे होत नाही. आईच्या लाडाने होत नाही. बापाच्या धाकाने जात नाही.

येथे एक शंका हमखास येते, आणि माझीही तीच होती: लक्षच नसेल तर मोबाइल हाती दिला की दोन तास मान वर का होत नाही? उत्तर मला उत्तरायणाने दिले. माझा मुलगा लहानपणी १४ जानेवारीला पहाटे गच्चीवर चढे तो अंधार पडेपर्यंत. भूक नाही, तहान नाही. हात मांज्याने कापलेले, नजर पतंगावर. त्याच्यापाशी लक्ष नव्हते असे नाही. हवे तेथे, हवे तेव्हा ते लावणे आणि नको तेथून काढणे त्याच्या हाती नव्हते. पतंग क्षणोक्षणी काहीतरी देतो, ढील, पेच, काट; पाढ्यांचे फळ वर्षअखेर मिळते. ह्या मुलांच्या मेंदूला लांबचे फळ दिसत नाही असे नव्हे, त्याची ओढ पुरत नाही.

दुसरी शंका उलट्या बाजूची. प्रत्येक द्वाड पोराला आता हेच नाव लावायचे काय? मुळीच नाही. नियम कडक आहेत. ठरावीक लक्षणांपैकी निदान सहा असावीत. ती सहा महिने टिकलेली, वयाच्या मानाने जास्त, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावीत. शिवाय त्यांच्यामुळे मुलाचे काही अडत असले पाहिजे. झोप कमी असेल, ऐकू कमी येत असेल, घरात भांडणे असतील, तरी मूल असेच दिसते. म्हणून आधी ते पाहायचे. वर्गातली वयाने सर्वांत लहान मुले ह्या नावाखाली अधिक सापडतात, असेही अनेक देशांत दिसून आले आहे. म्हणजे काही वेळा तो विकार नसून केवळ दहा महिन्यांचे लहानपण असते. म्हणूनच हे निदान शेजाऱ्याने, मास्तराने किंवा वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने करावयाचे नाही. आमचे काम शंका घेऊन योग्य दाराशी नेणे, इतकेच.

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्या आपल्या नजरेतून निसटतात. आमच्या शेजारची एक मुलगी पंधरा वर्षांची होईतो सगळ्यांना ‘वेंधळी’ वाटत होती. ती धावत नसे, वर्गात बोलत नसे. खिडकीबाहेर पाहत बसे. घरच्यांनी तिला स्वप्नाळू म्हटले, मग आळशी म्हटले, आणि दहावीचे वर्ष आले तेव्हा तिने स्वतःलाच ‘मी मठ्ठ आहे’ असे म्हणायला सुरुवात केली. अतिचंचलता नसून नुसती अवधान-न्यूनता असलेली अशी मुले वर्गात कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांची चिठ्ठी घरी येत नाही.

आणि वय वाढले की चित्र बदलते. किशोरवयात धावपळ कमी होते, तळमळ आत जाते. वही सापडत नाही, पैसे टिकत नाहीत, उद्याचे काम आज रात्री अकराला आठवते. हाती दुचाकी येते तेव्हा तर घरच्यांनी जागे राहिलेच पाहिजे. ह्या मुलांत अपघातांचे प्रमाण अधिक असते, हे पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. पण सर्वांत मोठा अपघात मनातला. दहा वर्षे रोज ‘मनात आणलेस तर करशील’ हे ऐकलेल्या मुलाला अखेर पटते की आपले मनच खोटे आहे. शिक्षक म्हणून हे वाक्य मी उत्तेजनासाठी लिहीत होतो. त्याचा अर्थ, ‘तू मुद्दाम करत नाहीस’, असा होतो, हे मला तेव्हा दिसले नाही.

औषधाबद्दल आपल्या घरांत भीती फार. ‘पोराला गुंगीत ठेवतील’ असे माझी पत्नीही म्हणाली. वस्तुस्थिती उलटी आहे. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली ह्या अमेरिकन डॉक्टरने आपल्या रुग्णालयातल्या मुलांना डोकेदुखीसाठी म्हणून एक उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण मुले शांतपणे अभ्यासाला बसू लागली. आज सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हेही झोप आणणारे नसून जागे करणारेच औषध आहे. मेंदूतला आवर घालणारा भाग त्याने नीट कामाला लागतो. भूक मंदावणे, झोप लांबणे असे त्रास होतात. वजन, उंची, नाडी पाहावी लागते. म्हणून ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच घ्यायचे. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईबापांना वागणुकीचे शिक्षण देण्यावरच भर असतो. प्रत्येकाला औषध लागते असे नाही, आणि औषध लागले म्हणून आईबाप हरले असेही नाही. चष्मा लावला म्हणून आपण मुलाच्या डोळ्यांना आळशी म्हणत नाही.

आता पुन्हा आजीच्या जिन्याकडे येतो. ‘आजीला जिना चढवत नाही’ असे म्हटल्यावर आपण काय करतो? तिला जिन्याखाली बसवून ठेवत नाही. कठडा बसवतो, मधल्या वळणावर स्टूल ठेवतो, हात देतो. आणि मग आजी गच्चीवर येते. ‘बसवत नाही’ म्हणणे ही सबब नव्हे; कठडा बसवण्याची ती सुरुवात आहे. आमच्या घरी गेल्या वर्षभरात जे कठडे बसले ते असे. एका वेळी एकच सांगणे, तेही दुसऱ्या खोलीतून ओरडून नव्हे, जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा, मध्ये उठून झाडांना पाणी घालण्याची मुभा. दप्तराला दाराशी एकच खुंटी. समोर मोठे घड्याळ. चांगले केले की त्याच क्षणी बोलून दाखवणे, रविवारपर्यंत राखून न ठेवणे. शाळेत त्याला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा दिली आहे, आणि तासाच्या मध्यावर फळा पुसण्याचे काम त्याचे. ह्यात पैसा लागला नाही. मोठ्या माणसांना आपली सवय मोडावी लागली, आणि तेच अवघड गेले. व्यायामही लाभतो. जुनी मंडळी अशा पोरांना आखाड्यात धाडीत, त्यांची नजर चुकीची नव्हती. फक्त मल्लखांबाने सगळे सुटेल ही समजूत पुरी नव्हती.

शाळांना एक सांगणे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. तीत अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण हा विकार स्वतंत्र नावाने नाही. म्हणजे बाकाची जागा, थोडा अधिक वेळ, तुकड्यांनी दिलेला गृहपाठ, हे पुष्कळसे शाळेच्या समजूतदारपणावर सोपवलेले आहे. समजूतदारपणाला सरकारी ठराव लागत नाही.

आणि आपणा जुन्या घरांना दुसरे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांच्या पदरी फडावर, फौजेत, पागेत होते. शिक्षणाने आपण वर आलो, म्हणून शिक्षणात अडखळणारे मूल आपल्याला घराण्याच्या नावाला डाग वाटते. मग आपण लपवतो. दोन शिकवण्या लावतो, तिसरी लावतो, आणि डॉक्टरचे नाव निघाले की ‘लोक काय म्हणतील’ येथे अडतो. शेजारची गुजराती काकी अशा पोराला ‘तोफानी’ म्हणते, तेव्हा तिच्या शब्दात निदान थोडे कौतुक असते. आपले शब्द पाहा: वांड, व्रात्य, धांदरट, बेशिस्त. पागेतला जाणता माणूस घोडा अडला की आधी चाबूक उचलत नसे. खूर उचलून नाल पाहत असे. तेवढे शहाणपण आपण घोड्यांसाठी वापरले आणि पोरांसाठी विसरलो.

डॉक्टरांकडून परतताना सुरसागराच्या काठाने आमची गाडी हळूहळू चालली होती. मी मुलाला म्हणालो, “तुला तेव्हा बसवत नव्हते रे. मला कळले नाही.” तो थोडा वेळ समोर पाहत राहिला. मग म्हणाला, “नाना, मलाही कळले नव्हते. मला वाटायचे, मी वाईट आहे.” एवढेच बोलणे झाले. मागच्या आसनावर नातू खिडकीची काच वर-खाली, वर-खाली करीत होता, आणि त्या दिवशी त्याला कोणी थांब म्हणाले नाही.

हा लेख माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही वाचतील. आज तेही पन्नाशी-साठीला आले असतील. काहींच्या कपाटात ती जुनी प्रगतिपुस्तकेही असतील. ज्यांच्या पुस्तकात माझ्या हस्ताक्षरात ‘एका जागी बसत नाही’ असे लिहिलेले सापडेल, त्यांनी कृपा करून त्या शब्दात एक ‘व’ घालून ते वाचावे. व्याकरणाची चूक माझी होती. आणि घरात तसाच एखादा नातू किंवा नात असेल, तर तिला पुढचा शेरा मिळण्याआधी डॉक्टरांकडची वेळ घ्यावी.